पंच्याखालची ई-मेल

सांगलीच्या मार्केट यार्डातून पहिली ई-मेल कुणी पाठवली यावरून अजूनही वाद होतात. गुळवाले म्हणतात आमची, बेदाणेवाले म्हणतात आमची. मी मध्ये पडत नाही, कारण ती मी पाठवली होती, पुण्याच्या माझ्या आत्तेभावाला, "पोचली का कळव" एवढीच. ती पोचली का, हे त्या गाढवानं अजून कळवलेलं नाही.

नव्याण्णव सालची गोष्ट. यार्डाच्या फाटकाला लागून माझं दुकान होतं. पाटीवर 'माया एसटीडी, झेरॉक्स, टायपिंग' आणि त्याखाली नव्या लाल रंगात 'इंटरनेट'. आमचे आप्पा माधवनगरच्या गिरणीत होते. त्यांचं म्हणणं, पोरीनं कॉम्प्युटर शिकलाय तर कुठंतरी नोकरी बघावी. माझं म्हणणं, दुसऱ्याच्या खुर्चीत बसून त्याची बोलणी खाण्यापेक्षा आपल्या खुर्चीत बसून चार जणांना बोलावं. आठवडाभर घरात भांडण झालं. शेवटी आप्पाच दुकानात येऊन बाबासाहेबांचा फोटो भिंतीला लावून गेले, तेव्हा मी जिंकले असं समजले.

इंटरनेट लावायचं म्हणजे तेव्हा एक सोहळा असायचा. मोडेम आधी कोकलायचा, मग खाकरायचा, मग गप्प बसायचा. बसला की समजायचं, लागलं. आणि लागलं की दुकानातला एक फोन बंद, म्हणून एसटीडीच्या रांगेतले लोक माझ्या नावानं खडे फोडायला मोकळे.

यार्डातल्या कुणाचाच स्वतःचा ई-मेलचा पत्ता नव्हता. सगळ्यांचा मिळून एकच, माझ्या दुकानाचा. कुणाचीही मेल आली की मी ती छापायची आणि वर नाव लिहून दुकानातल्या दोरीला चिमटा लावून टांगायची. ज्याची त्यानं येऊन घेऊन जायची. पण यार्डातली माणसं! त्यांना कागद कशाला हवाय? फोन करून विचारायचे, "आलंय का गं काय? काय म्हंतोय?" मी वाचून दाखवायची आणि कागद तसाच लटकत राहायचा. दुकान कसं दिसायचं, तर बाळंतिणीच्या खोलीत लंगोट वाळत घातल्यासारखं. फोनसाठी ताटकळलेली माणसं वेळ जावा म्हणून खुशाल दुसऱ्याच्या मेली वाचत उभी राहायची. मी कुणाला अडवलं नाही. ज्याला लपवायचं असेल त्यानं यावं आणि न्यावं, मी काय जनानखाना चालवत नव्हते.

एक दिवस दुकानाच्या पायरीवर नारळ फुटला. बघते तर लालासाहेब. हळदीचे अडत्ये, पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर लाल काठाचा पंचा, मिशा अशा की त्यांना वेगळं भाडं लावावं. नारळाचं पाणी ओंजळीत घेऊन ते आत आले आणि कॉम्प्युटरवर शिंपडणार, एवढ्यात मी हात धरला.

"काका, त्याला पाणी चालत नाही!"

"देव हाय का न्हाई ह्यात?"

"वीज आहे."

"मग देवच की," म्हणाले, आणि पाणी स्वतःच्या डोक्याला लावून खुर्चीत बसले.

त्यांच्यामागं त्यांची मुलगी राजेश्वरी उभी होती. मी तिला ओळखत होते, आम्ही एकाच कॉलेजात होतो, ती माझ्यापुढं दोन वर्षं. बी.कॉम. झाली, कऱ्हाडला दिली, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आली. तेव्हापासून बापाच्या घरी. हळकुंड हातात घेऊन मोडलं की त्या आवाजावरून ते किती वाळलंय हे सांगायची. पण पेढीवर पाय ठेवायची तिला परवानगी नव्हती, आणि त्याचं कारण तो लाल काठाचा पंचा.

हळदीच्या सौद्याची यार्डातली जुनी रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. कायद्यानं उघडा लिलाव आला होता, पण व्यापाऱ्यांच्या आपसातल्या सौद्यात पंचा सुटला नव्हता. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, हातात हात द्यायचा, वर पंचा टाकायचा. पंच्याखाली बोटं दाबून दर सांगायचा. कुठलं बोट, किती बोटं, अख्खं की अर्धं पेर, सगळ्याला अर्थ. तोंडानं मात्र भलतंच बोलायचं, "औंदा थंडी कमी हाय," "जावयाची बदली झाली का?" चार हातांवर उभ्या असलेल्या माणसाला कळू नये की दर काय फुटला. लालासाहेबांनी उभ्या जन्मात कधी दर तोंडानं उच्चारला नव्हता. त्यांच्या बायकोला पेढीवरचा दर माहीत नसायचा, आणि देवाला माहीत असेल तर तो त्यांनी सांगितलेला नव्हता.

आता असल्या धंद्यात बाईमाणसानं कसं शिरायचं? परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन वर पंचा? म्हणून राजेश्वरी घरात. आणि लालासाहेबांच्या मागं पेढी कुणालला, म्हणजे त्यांच्या आटपाडीच्या पुतण्याला जाणार, असं यार्डात सगळे धरून चालले होते. हा कुणाल म्हणजे मोटारसायकल आणि गॉगल. हळद आणि आंबेहळद समोर ठेवली तर जास्त पिवळी ती चांगली म्हणेल असा.

मग लालासाहेब माझ्याकडं का आले? तर लोणंदचा एक मसाल्याचा कारखाना. लालासाहेबांचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. म्हातारे मालक वारले आणि त्यांचा मुलगा वीरधवल पुण्याला मोठमोठी पुस्तकं शिकून गादीवर बसला. बसल्या बसल्या त्यानं फतवा काढला की यापुढं पंच्याखाली नाही, फोनवर नाही, दर सगळ्यांनी लेखी द्यायचा, ई-मेलनंच.

"सांगा काका, काय लिहू?" मी कीबोर्ड पुढं ओढून विचारलं.

लालासाहेबांनी दुकानात नजर फिरवली. फोनच्या रांगेत चार माणसं. त्यांनी घसा साफ केला, खांद्यावरचा पंचा काढला, कीबोर्डवर पसरला आणि माझ्या हाताकडं बघून थबकले. मग मान वळवून म्हणाले, "राजे, तू बस हितं."

मी उठले. राजेश्वरी बसली. बापलेकीनं पंच्याखाली हातात हात घातले आणि लालासाहेब छताकडं बघत मोठ्यांदा म्हणाले, "काय गं, आईचं गुडघं कसं हायत?"

"बरं हाय आबा," ती म्हणाली आणि पंच्याखाली एका हातानं टाईप करू लागली.

रांगेतली माणसं तोंडाला रुमाल लावून हसत होती. लालासाहेबांना वाटलं, सर्दी झालीय. मला मात्र हसता येईना, कारण पंचा कीबोर्डवर होता आणि समोर पडद्यावर दर टपोरा उमटत होता. मी पडद्यापुढं जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "काका, इकडं पण दिसतं."

त्या दिवशी आमच्या कॉम्प्युटरला नवरीसारखा घुंगट मिळाला. मी दिलेली चादर त्याच्यावर टाकली आणि राजेश्वरीनं तिच्यात डोकं घालून मेल पुरी केली. मेल गेली. लालासाहेबांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि समाधानानं म्हणाले, "कुनाच्या बापाला कळलं न्हाई."

सौदा मात्र नानासोंना गेला.

नानासो म्हणजे लालासाहेबांच्या समोरच्या गाळ्यातले अडत्ये. अंगानं किडकिडीत, गळ्यात दोरीनं बांधलेला चष्मा, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांच्या जावयानं त्यांच्या घरी कॉम्प्युटर बसवून दिला होता, मेलही जावयाच्याच पत्त्यावरून जायची, आणि ही गोष्ट ते दिवसातून भेटेल त्याला सांगायचे. घरच्या फोनवर म्हणे सारखं इंटरनेट चालू, म्हणून बिचारे फोन करायला माझ्या दुकानात यायचे. मला खुळीला ते खरंच वाटायचं. रांगेत लोकांना पुढं सोडायचे, "जावा जावा, मला काय घाई न्हाई." मी म्हणायची, यार्डात एवढा एकच माणूस सभ्य.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. चादर, पंचा, आईचे गुडघे, मेल, आणि सौदा नानासोंना. दोन्ही वेळा नानासोंचा दर लालासाहेबांपेक्षा केसभर कमी, हे वीरधवलनं फोनवर सांगितलं. लालासाहेबांनी ते मनाला फार लावून घेतलं. एरवी दुकानात आले की मला "पोरी, जेवलीस का?" विचारायचे, ते बंद झालं.

"आता बारा महिन्यांच्या मालाचा सौदा हाय," तिसऱ्या वेळी खुर्चीत बसताना ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले. "ह्यो गेला तर मी बी गेलो. कुनालला बोलवून चाव्या देतो आन् घरात बसतो. वय झालं."

राजेश्वरी त्यांच्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा मी बघितला. सांडगे घालताना पाऊस यावा तसा झाला होता.

पंचा पसरला गेला. हातात हात गेले. लालासाहेब छताला म्हणाले, "म्हशीनं दूध कमी केलंय का गं?" आणि पंच्याखाली काय दाबलं कोण जाणे, राजेश्वरी एकदम म्हणाली, "आबा, एवढं?"

"म्हशीचं इचारतोय मी!"

"व्हय, म्हशीचंच. एवढं न्हाई देत ती आता."

"द्यायाच पायजे! दोनदा कमी करून बघितलं, काय मिळालं? आता आपल्या मालाची इज्जत ठिवायची. लिही!"

तिनं लिहिलं. लालासाहेब मेल गेल्याची खात्री करून पेढीवर गेले. राजेश्वरी मात्र झेरॉक्स काढायचं निमित्त करून मागं राहिली आणि माझ्या स्टुलावर बसून डोळे पुसायला लागली. मला रडणारी माणसं चालत नाहीत, मीच रडायला लागते. म्हणून तिला दटावलं, "काय झालं ते सांग आधी."

"अडतीसशे दाबला गं आबांनी. क्विंटलला अडतीसशे! मी हरिपूरला जाऊन पेवं बघून आलीय. जमिनीखाली एवढा माल भरलाय की महिन्याभरात दर उतरणार. छत्तीसशेला दिला तरी चांगलं सुटतंय. पण माझं ऐकणार कोण? सौदा जाईल, चाव्या कुणालला जातील, आणि मी जन्मभर घरात शेवया वळत बसेन. माया, मला दुसरं काही येत नाही गं. हळदच येते."

तिच्या पाठीवर हात ठेवून मी उभी राहिले. तेवढ्यात वीरधवलचं उत्तर आलं. मी सवयीनं छापलं, वर 'लालासाहेब' लिहिलं, टांगलं. उत्तरात काही नव्हतं, "आपला दर मिळाला, आभारी आहोत, परवा कळवतो," एवढं इंग्रजीत.

दुपारी नानासो फोन करायला आले. राजेश्वरी झेरॉक्सच्या मशीनमागं कागद लावत होती, ती त्यांना दिसली नाही. मला ती दिसत होती. तिनं मला खूण केली, बघ. मी बघितलं. नानासो दोरीखाली उभे होते, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवलेला, मान वाकडी, एका कागदाच्या अगदी तळाशी काहीतरी वाचत होते. वाचून झालं, चष्मा उतरवला, माझ्याकडं बघून गोड हसले. "घरचा फोन मोकळा झाला आसंल आता," म्हणाले आणि फोन न करताच गेले.

राजेश्वरी मशीनमागून उडी मारूनच बाहेर आली आणि तो कागद चिमट्यातून ओढून काढला. वर वीरधवलचं दोन ओळींचं उत्तर. आणि खाली, उत्तराच्या शेपटाला, लालासाहेबांची अख्खी मेल, दरासकट. ई-मेलची ती सवयच असते. उत्तर येतं ते मूळ पत्राला पोटाशी धरून येतं. मला हे माहीत होतं, पण त्या शेपटाकडं मी कधी लक्ष दिलं नव्हतं. ज्या दरासाठी लालासाहेबांनी कॉम्प्युटरला घुंगट घातला, तो दर तीन खेपा माझ्या दुकानात चिमटा लावून उघडा लटकत होता.

आधी मला राग आला. म्हणजे त्या साखरतोंड्याला मी सभ्य समजत होते! मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता यार्डात जाऊन ओरडते."

"ओरडू नको," राजेश्वरी म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्या कुठं पळालं होतं. तिनं तो कागद परत दोरीला लावला, होता तिथंच, चिमटाही तोच. "त्यांनी अडतीसशे वाचलाय, तोच खरा समजू देत. ते अडतीसशेच्या केसभर खाली देणार. मला स्वतःचा ई-मेलचा पत्ता काढून दे."

तेव्हा फुकटात पत्ते मिळायला लागले होते, फक्त यार्डात कुणाला ठाऊक नव्हतं. मी मोडेम लावला. नाव, गाव भरलं. पासवर्ड आला तशी ती सवयीनं पंचा शोधायला लागली. मी म्हणाले, "टाईप तर कर." तिनं केलं, आणि पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या उमटल्या.

"अगं बाई," ती हसली, "ह्यानं तर स्वतःच पंचा टाकलाय!"

मग तिनं लोणंदला लिहिलं. आमच्या पेढीचा सुधारित दर छत्तीसशे, माल हरिपूरच्या पेवातला, वाळलेला, एकसारखा. शेवटी सही करायची वेळ आली तशी तिची बोटं थांबली. लालासाहेबांचं नाव लिहावं तर ते खोटं. तिनं एकदा दाराकडं बघितलं आणि लिहिलं, 'पेढीच्या वतीने, राजेश्वरी'. बटण मीच दाबलं, नाहीतर ती संध्याकाळपर्यंत तशीच बसली असती.

"आबांना कळलं तर?" ती म्हणाली.

"सौदा मिळाला तर कळेल. नाही मिळाला तर कळून फरक काय?"

हे मी तोऱ्यात बोलले. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पंच्याखाली दाबलेला दर बदलणं म्हणजे यार्डात शेण खाण्यासारखं. तसं केलेल्या एका अडत्याला लोकांनी पुढं पानसुपारीलाही बोलावलं नव्हतं.

ठरल्या दिवशी लालासाहेब माझ्या दुकानात आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच. वीरधवलनं पेढीवर फोन करून सांगितलं होतं, सौदा तुमचा, कागद ई-मेलनं पाठवलाय. लालासाहेबांच्या मिशा कानाला लागल्या होत्या. फोनच्या रांगेतल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हातानं पेढा भरवला. मागं राजेश्वरी, पिठासारखी पांढरी. मी तिच्या पत्त्यावरची मेल उघडून छापली. तेवढ्या वेळात मशीनच्या करकर आवाजात मी मनातल्या मनात जेवढे देव येतात तेवढे आठवले. मला फार येत नाहीत.

"वाच राजे," लालासाहेबांनी कागद तिच्या हातात दिला. "मोठ्यांदा वाच. दर तेवढा गाळ."

ती तोंड उघडणार इतक्यात नानासो दुकानात शिरले. साखर पार विरघळली होती. गळ्यातला चष्मा पाठीवर गेलेला.

"लालासाब, ह्यो कुठला न्याय? म्हाताऱ्या मालकाची ओळख काढून आतनं सौदा मारलासा!"

"तोंड सांभाळा नानासो. म्या दर दिला, सौदा घेतला."

"दर दिला! अडतीसशेचा दर देऊन सौदा मिळतुया व्हय? मी तुमच्यापरीस पंचवीस कमी दिलाय! लोणंदवाला मलाच म्हंतोय, तुमचा दर जास्त हाय!"

रांगेतल्या एकाच्या तोंडात पेढा तसाच राहिला. लालासाहेबांनी नानासोंकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नानासो, माझा दर अडतीसशे हुता, ह्ये तुमास्नी कुनी सांगितलं?"

नानासोंचा हात पाठीवरचा चष्मा चाचपू लागला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दोरीकडं बघितलं. रांगेतल्या सगळ्यांनी दोरीकडं बघितलं. तो कागद तिथंच होता.

"आवं, वाऱ्यानं हलत हुता," नानासो म्हणाले, "म्हून जरा नजर पडली."

"शेपटावर बरोबर पडली," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

रांगेत हशा उसळला. पण लालासाहेब हसले नाहीत. त्यांनी नानासोंना हातानं बाजूला केलं, पोरीच्या हातातला कागद घेतला आणि त्यावरचा आकडा बोटानं चाचपला. इंग्रजी येत नसलं तरी आकडा येत होता.

"ह्ये छत्तीसशे कुनी लिवलं?"

"मी," राजेश्वरी म्हणाली.

"म्या काय दाबलं हुतं?"

"अडतीसशे."

"पंच्याखाली दाबलेला दर माज्या बापानं कवा बदलला न्हाई. म्या बदलला न्हाई."

राजेश्वरी मागं सरली नाही. दोरीपाशी गेली, तो कागद काढून बापाच्या हातात दिला. "पंच्याखाली कुठं होता आबा? दोरीवर होता. तीनदा. तुमचा दर सगळा यार्ड वाचत होता, तुम्हीच तेवढे छताकडं बघत होता. जो झाकलेला राहिला तो हा एकच दर. आणि तो मी दिला, कारण माल मी बघून आले."

लालासाहेबांनी कागदाच्या तळाशी आपला अडतीसशे बघितला. चिमट्यानं कागदाला वळ पडला होता. लाज कशी असते ते मी त्या क्षणी एका मोठ्या माणसाच्या मानेवर बघितलं, आणि मला माझीच लाज वाटली. त्यांनी दोन्ही कागद खुर्चीवर ठेवले, पायऱ्या उतरले आणि उन्हात निघून गेले. खांद्यावरून घसरलेला पंचा खाली पडला होता तो त्यांना कळलाही नाही.

मी तो उचलला. पेढ्याचा चुरा लागला होता म्हणून पाण्यातून काढला आणि दोरीवर वाळत घातला, मेलींच्या शेजारी. राजेश्वरी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. यार्डात बातमी अशी की आटपाडीला फोन गेलाय. मी सकाळपासून तीन गिऱ्हाइकांशी भांडले आणि एकाला चुकीचा नंबर लावून दिला.

दुपार व्हायच्या आत लालासाहेब आले, एकटेच. खांदा मोकळा, तो माणूसच कुणी वेगळा वाटत होता. रांगेत नानासोही उभे होते, बहुतेक त्या दिवशी त्यांच्या घरचा फोन खरंच बिघडला असावा. लालासाहेबांनी त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. खुर्चीत बसले.

"पोरी, मेल लिवायची हाय. लोणंदला."

मी चादर काढायला उठले.

"ऱ्हाऊ दे ती," म्हणाले. "झाकायचं न्हाई काय." आणि मग छताकडं नाही, समोर बघून, सगळा यार्ड ऐकेल अशा आवाजात सांगायला लागले. उभ्या जन्मात त्यांनी सौद्याचं एवढं मोठ्यांदा कधी बोललेलं नव्हतं.

"वीरधवलरावांस्नी नमस्कार. आमच्या पेढीचा दर हितनं फुडं आमची लेक राजेश्वरी ठरवील. ती सांगंल त्यो दर, ती दील त्यो शबुद. तिचा हात त्यो माझा हात." थांबले, घसा खाकरला. "झालं लिवून?"

"झालं काका." माझ्या डोळ्यांपुढं कीबोर्ड नीट दिसत नव्हता, पण झालं.

"लोणंदला इंग्रजीत धाड. आन् एक मराठीत छाप, मोठ्या अक्षरात. त्या दोरीला लाव." मग पहिल्यांदाच त्यांनी मान वळवून रांगेकडं बघितलं. "खाली लाव जरा. नानासोंची मान दुखंल."

मी कागद टांगला. दोन चिमटे लावले. पंचा वाळला होता, तो काढून, घडी घालून त्यांच्यापुढं धरला.

"माझा न्हाई त्यो आता," ते उठत म्हणाले. "ती ईल न्यायला."

"आणि आटपाडीला फोन केला होता म्हणे?"

"केला की. कुनालला म्हनलं, गॉगल लावून ये कवातरी, बहिनीच्या पेढीवर हिशेब शिकाय." आणि मिशीतल्या मिशीत हसत, "पोरी, जेवलीस का?" विचारून गेले.

ती तासाभरात आली. नानासो अजून दोरीखालीच होते. चष्मा लावून त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला होता आणि सवयीनं त्याच्या शेपटाला काही आहे का तेही बघून झालं होतं. राजेश्वरीनं माझ्याकडून पंचा घेतला, झटकला, पदरावरून खांद्यावर टाकला आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"काका, दर बघायचा असेल तर दोरीवर मिळायचा न्हाई आता," ती म्हणाली आणि उजवा हात पुढं करून त्यावर पंचा पसरला. "हितं या."

नानासोंनी त्या पंच्याकडं बघितलं, रांगेकडं बघितलं, आणि पंच्याखाली न घालता दोन्ही हात मागं बांधून, नुसत्या तोंडानं म्हणाले, "काय गं राजे, आईचं गुडघं कसं हायत?"